द्राक्षांचा रविवार

बर दुबई
१२ जुलै २०२५

ती. छायाआत्यास साष्टांग नमस्कार.

हातानं लिहून, फोटो काढून पाठवते आहे. फोनवर बोललेलं उडून जातं, लिहिलेलं राहतं, हा तुझा नियम मी अजून पाळते. अक्षर बिघडलंय, माफ कर.

मुद्दा आधी लिहिते, नाहीतर घाबरून खोडून टाकीन. ऑगस्टमध्ये तू माझ्याकडे ये. दुबईत राहायला नाही. तेव्हा इथं देवळाच्या गल्लीत चप्पल काढली तर पाय भाजतात, आणि ज्याला जमतं तो देशाबाहेर पळतो. आपणही पळू. आर्मेनिया इथून विमानानं तीन तासांवर आहे. तिथं तातेव नावाच्या गावी डोंगराच्या कड्यावर हजार वर्षांहून जुना मठ आहे. दरीवरून रोपवेनं जायचं. माझी रूममेट समिधा गेल्या ईदच्या सुटीत जाऊन आली. ती म्हणते, "मठ बघायला म्हणून जा आणि जेवायला म्हणून राहा." न विचारता तिकिटं बघून ठेवली आहेत, माफ कर.

खरं कारण असं. दम्यामुळे मला शाळेत घातलं नव्हतं, तेव्हा चौथीपर्यंत माझी शाळा म्हणजे तुझं स्वयंपाकघर. ओट्याशेजारी नकाशा टांगलेला असायचा. पोळ्या लाटता लाटता तू लाटण्यानं दाखवायचीस, "हा काळा समुद्र, हा कॅस्पियन. मध्ये सगळे डोंगर. मोठी झालीस की बघू." आर्मेनिया त्याच डोंगरांत आहे. मग बाबांना इकडे रुवैसला कंपनीचं फॅमिली क्वार्टर मिळालं आणि आई मला घेऊन आली. सहा वर्षांपूर्वी बाबा गेले, तू काशीला जाऊन आलीस, आणि त्यानंतर नाशिकबाहेर पाऊल टाकलं नाहीस. मला वाटतं, तू बाहेर पडणं बंदच करून टाकलं आहेस. चुकीचं वाटत असेल तर माफ कर. पण 'बघू' असं उत्तर देऊ नकोस. ते मी लहानपणी पुष्कळ ऐकलं आहे.

तुझी
ईशानी

*

नाशिक
१७ जुलै २०२५

चि. ईशानीस आशीर्वाद.

एका पानात तीनदा 'माफ कर'. तिन्हीखाली लाल रेघ मारली आहे. चूक काय ते लिहिल्याशिवाय माफी मागायची नसते, वही तपासणाऱ्याला काही कळत नाही.

येते. मठ बघून मी काय करणार ते ठाऊक नाही. रोपवेत डोळे मिटून बसेन, तेव्हा "आत्या, खाली बघ ना" असं म्हणायचं नाही. आणि गणपतीच्या आत घरी सोडायचं.

खाण्याचं सांगून ठेवते. मांस, मासे, अंडं नाही, ते तुला माहीत आहे. चातुर्मास आहे म्हणून कांदा-लसूण नाही. आणि द्राक्षं नाहीत. काशीला गेलं की आवडीची एक वस्तू कायमची सोडून यायची असते, ती मी द्राक्षं सोडली. लोक तिथं जाऊन कारलं सोडतात. माझ्याबरोबर आलेल्या शेजारच्या सत्यभामाबाईंनी दुधी सोडला, जो त्यांनी जन्मात ताटात घेतला नव्हता. घाटावर तोंड मात्र असं केलं होतं की अंगावरचा दागिनाच दिला. मी नाशिकची बाई. मी द्राक्षं सोडली. तुझा बाप असता तर म्हणाला असता, "ताई, तूही दुधीच सोडायचा होतास."

तुझी आत्या

*

बर दुबई
२७ जुलै २०२५

ती. आत्यास नमस्कार.

तुझे दोन्ही व्हिसा आले. मठाच्या गावातच एका घरी उतरायचं आहे. मालकीणबाईंचं नाव अनाहित, स्वयंपाक त्याच करतात. अंडं, कांदा, लसूण, द्राक्ष, सगळं त्यांना मेसेजवर कळवलं. उत्तर म्हणून त्यांनी अंगठा पाठवला. त्या अंगठ्याचे किती अर्थ होऊ शकतात याचा विचार करून मला झोप लागत नाही.

तर प्रश्न. मनुका द्राक्षात धरायच्या का? तिकडे द्राक्षाच्या पानात भात गुंडाळून शिजवतात, ते पान चालेल का? आणि व्हिनेगर? हसू नकोस. जबल अलीच्या गोदामात माझं कामच हे आहे. बाहेरून आलेल्या पाकिटात जे आहे तेच लेबलवर लिहिलंय ना, ते बघायचं. शेजारच्या टेबलावरचा फहद रोज ओरडतो, "खलास, ईशानी! बिस्किट है, पासपोर्ट नहीं!"

पण तू एक गोष्ट सोडली आहेस. ती माझ्या हातून मोडायला नको, एवढंच.

ईशानी

*

नाशिक
३० जुलै २०२५

चि. ईशानी,

पान म्हणजे फळ नव्हे, चालेल. मनुका म्हणजे द्राक्षच, वाळलं म्हणून सुटत नाही. व्हिनेगरचा विचार मी केला नव्हता. तू करून ठेवलास, आता तेही नको. जेवणात आंबट कमी पडलं तर तुझे प्रश्न वाढून घेऊ.

आणखी एक. परक्या मुलखात कुणी प्रेमानं काही पुढे केलं आणि नको असलं, तर हात जोडून नाही म्हणायचं. देवळात दिलं तर मात्र नाही म्हणायचंच नाही. प्रसादाला नाव विचारत नाहीत, हे तुला पहिलीत शिकवलंय.

आत्या

*

बर दुबई
२६ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास नमस्कार.

उद्या गणपती, तुझी गडबड असेल. तू घरी गेल्यावर 'पोचले' एवढा मेसेज आला, मग काही नाही.

सहलीहून आलं की तू मला निबंध लिहायला बसवायचीस. पांडवलेण्यांवर मी चार ओळी लिहिल्या होत्या आणि त्यातल्या दोन माकडांवर होत्या. हा निबंध माकडांशिवाय.

रोपवेत तू कबूल केल्याप्रमाणे डोळे मिटलेस. माझं मनगट धरलं होतंस, त्यावर तुझ्या बांगडीचा वळ उठला. खाली दरी, तळाशी नदीची रेघ, आणि समोर मठ, कड्याच्या इतक्या टोकाशी की भिंत कुठं संपते आणि डोंगर कुठं सुरू होतो ते कळेना. आत गार अंधार, मेणबत्त्यांचा वास. तू पदर डोक्यावर घेतलास. तिथल्या बायका बाहेर पडताना देवाकडे पाठ न करता उलट्या पावलांनी दारापर्यंत येत होत्या. तुला कुणी सांगितलं नव्हतं, तरी तूही तशीच आलीस. पाठ झाली ती माझी. अंगणात एक उंच दगडी खांब आहे. जमीन हलणार असली की आधी तो हलायचा म्हणे. तू त्याला थोपटून म्हणालीस, "हा आमच्या ईशानीसारखा."

आता जेवण. अनाहितबाई जमिनीतल्या मातीच्या भट्टीत वाकून चादरीएवढी पातळ रोटी आतल्या भिंतीला थापायच्या, लवाश. तूही वाकलीस आणि मी मागून तुझा पदर धरून उभी. मग ती रानातल्या कितीतरी पालेभाज्या बारीक चिरून भरलेली पोळी. कांद्याची पात आहे का बघायला मी तिचं पोट फाडलं, तर तू म्हणालीस, "अगं, पोळी आहे ती, शिपमेंट नाही." बाईंनी आपल्या दोघींसाठी पातीशिवाय वेगळ्या केल्या होत्या. त्यांच्या अंगठ्याचा अर्थ खरंच 'हो' असा होता. दह्याचं ते गरम सूप, गहू घातलेलं. पहिला घोट घेऊन तू म्हणालीस, "ही कढी आहे. हिला फोडणी द्यायची कोण विसरलं?" आणि दुसरा वाडगा मागितलास. कोवळ्या अक्रोडांचा सालीसकट मुरांबा तर बशी पुसून खाल्लास. तुला मागून घेताना मी किती वर्षांनी पाहिलं. शनिवारी संध्याकाळी मी अंघोळीला गेले, तेव्हा तुम्ही दोघी स्वयंपाकघरात खो खो हसत होतात. बाईंचं इंग्रजी तुझ्याइतकंच. काय बोलणं झालं ते तू सांगितलं नाहीस.

निबंध इथं संपतो. रविवारचं लिहीत नाही.

परतताना रोपवेत तू डोळे उघडे ठेवलेस आणि एक शब्द बोलली नाहीस. दुबईतही नाही, विमानतळावरही नाही.

ईशानी

*

नाशिक
३० ऑगस्ट २०२५

चि. ईशानी,

गणपती बसले. घरात पाहुणे, हात पिठात. निबंध मिळाला, वर्णन बरं आहे. रविवार राहिला आहे. पूर्ण करून पाठव.

आत्या

*

बर दुबई
८ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

'पूर्ण करून पाठव' वाचलं आणि समजले. तुला ते माझ्याच तोंडून ऐकायचं आहे.

रविवारी मठात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका ठेवणीतले कपडे घालून आल्या होत्या, पोरं चुळबुळत होती. प्रार्थना खूप लांबली. पुढे टेबलावर काहीतरी ठेवलेलं होतं, पण माझ्यासमोर दोन उंच माणसं उभी होती. काळ्या झग्यातल्या पाद्रीबुवांनी हातातला क्रॉस चारी दिशांना फिरवला, धुपाचा लोट आला, आणि एकदम सगळे पुढे सरकले. सगळ्यांचे हात पुढे झाले. माझाही झाला. उजवा वर, खाली डावा, तू शिकवलास तसा. हातात जे पडलं ते न बघता मी वळले आणि तुझ्या ओंजळीत ठेवलं. "आत्या, प्रसाद."

मग बघितलं. काळ्या द्राक्षांचा छोटा घोस होता.

मी 'थांब' म्हणायला तोंड उघडलं. तोवर तू एक द्राक्ष तोडून कपाळाला लावलंस आणि खाल्लंस. मग दुसरं. घोस संपेपर्यंत खात राहिलीस. बिया रुमालात घेतल्यास. तुझे डोळे भरले होते. मी विचारलं नाही, मला धीर झाला नाही.

तीन दिवस मी अनाहितबाईंच्या फळीवरच्या बाटल्या उलट्या करून वाचत होते आणि शेवटी द्राक्षं माझ्याच हातानं तुझ्या हातात ठेवली. प्रसादाला नाव विचारायचं नाही. सोडलेलं मोडायचं नाही. दोन्ही तूच शिकवलंस. दोन्ही नियम एकाच वेळी समोर आले तर काय करायचं, ते शिकायच्या आत मी रुवैसला आले.

समिधा म्हणते, "चिल यार, देव काय ऑडिट करतो का?" मी गल्लीतल्या देवळात जाऊन पुजाऱ्यांनाही विचारलं. ते म्हणाले, "अनजाने में हुआ ना? तो कुछ नहीं, बेटी." पण तू अजाणता खाल्ली नाहीस. तुला ती दिसत होती. चारचौघांत मला कमीपणा नको म्हणून तू माझा शब्द राखलास, हो ना? आणि आता तू पुन्हा कधी नाशिकबाहेर पडणार नाहीस. बाहेर पडलं की काय होतं ते मीच तुला दाखवलं.

माफ कर. या वेळी एकदाच लिहिलंय, आणि चूकही सांगितली आहे.

ईशानी

*

नाशिक
२८ सप्टेंबर २०२५

चि. ईशानीस अनेक आशीर्वाद.

उशीर झाला. पितृपक्ष होता, पण खरं कारण ते नाही. जे लिहायचं ते लिहायला लाज वाटत होती.

तुझा रविवार चुकला आहे. सुरुवातीपासून लाल रेघ मारते. तो शनिवारी संध्याकाळी सुरू झाला, तू अंघोळीला गेलीस तेव्हा. अनाहितनं टेबलावर टोपलीभर द्राक्षं आणून ठेवली, धुऊन, पुसून. मला वाटलं ती माझ्या पुढ्यात ठेवणार. म्हणून आधीच हात जोडले, "आय नो ग्रेप." ती म्हणाली, "आय नो ग्रेप आल्सो!" आम्ही दोघी हसलो. मला वाटलं, हिनंही कुठल्या घाटावर सोडली की काय.

मग तिनं समजावलं. त्यांच्याकडे नव्या हंगामाचं द्राक्ष कुणी तोंडात घालत नाही. दारात वेलीवर पिकलेलं लोंबतं, पोरं नुसती बघत बसतात. ऑगस्टमधल्या एका रविवारी ती मठात नेतात, त्यांच्यावर मंत्र म्हणतात, मग सगळे मिळून खातात. "टुमारो!" म्हणताना ती साठीची बाई सहा वर्षांची दिसत होती. मग तिनं मला विचारलं, "युवर ग्रेप, व्हेन?" मी म्हटलं, "नो व्हेन." तिला काही बोध होईना. पुन्हा तेच, "बट व्हेन?" तिला वाटलं, माझं इंग्रजी कमी पडतंय. कमी पडत होतं ते इंग्रजी नव्हे.

आता जे लपवलं ते लिहिते. मी काशीला द्राक्षं सोडली ती गंगेसाठी नाही. तुझा बाप, माझा सूर्या, दर फेब्रुवारीत रुवैसहून सुटी काढून यायचा तो द्राक्षांसाठी. आम्ही दोघं गच्चीत पाटी घेऊन बसायचो आणि कोण जास्त खातो ते बघायचो, केस पांढरे झाले तरी. तो गेल्यावरच्या फेब्रुवारीत बाजारात पाट्या लागल्या आणि मला त्या रस्त्यानं जाववेना. काशीला गुरुजींनी विचारलं, "काय सोडता?" तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. न खायला चांगलं कारण मिळालं, वर पुण्यही. सत्यभामाबाईंच्या दुधीला मी हसते. अगं, मी त्यांच्याहून सोपं सोडलं. मला सोडणं सोपं होतं, खाणं अवघड होतं.

रविवारी मी तिथवर ठरवून चालत आले होते. तू हात पुढे केला नसतास तर मी केला असता. तुझा मान राखायला मी खाल्ली नाहीत. एवढी मोठी तू अजून झाली नाहीस. डोळे भरले कारण द्राक्षं गोड होती. त्यांना बिया होत्या. आमच्या लहानपणी आपल्याकडच्याही द्राक्षांना असायच्या. सूर्या त्या गच्चीवरून शेजारच्या पत्र्यावर उडवायचा आणि वाजल्या की खूश व्हायचा. रुमालात बिया घेताना माझ्या मनात आलं, इथं कुठं पत्रा आहे का?

परतताना डोळे उघडे ठेवले कारण बघायचं होतं. बोलले नाही कारण तोंडात चव होती.

चव आवडली, हे लिहायला मला इतके दिवस लागले. सूर्याच्या तिथीला खिरीत मनुका घातल्या, या सहा वर्षांत पहिल्यांदा.

आणि तुझा राहिलेला धडा. दोन नियम एकाच वेळी समोर आले, तर ज्याच्या ओंजळीत आहे त्यानं ठरवायचं. देणाऱ्यानं नाही. देणाऱ्याचं काम हात पुढे केला की संपतं.

तुझी आत्या

*

जबल अली
४ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास नमस्कार.

तुझं पत्र कंपनीच्या बसमध्ये वाचलं आणि गोदाम मागे राहिलं. पुढच्या गेटपासून उन्हात चालत आले. फहदनं डोळे बघून विचारलं, "घर पे सब ठीक?" मी म्हटलं, "बहुत ठीक." त्याला काही ते पटलं नाही.

मी अजून गच्चीतल्या तुम्हा दोघांचा विचार करते आहे. बाबा बिया उडवायचे हे मला माहीतच नव्हतं. मला मात्र ते संत्र्याच्या बियाही बशीत ठेवायला लावायचे.

पण एक विचारू का? म्हणजे आता सोडलेलं परत घेतलंस का? फेब्रुवारीत नाशिकला द्राक्षं आली की खाणार? की ते फक्त त्या रविवारपुरतं होतं? नियम नक्की काय आहे ते कळलं म्हणजे मला बरं वाटेल.

ईशानी

*

नाशिक
१५ फेब्रुवारी २०२६

चि. ईशानीस आशीर्वाद.

तुझ्या ऑक्टोबरच्या प्रश्नाचं उत्तर मुद्दाम ठेवून दिलं होतं. ते फेब्रुवारीतच देता येणार होतं.

पाट्या लागल्या. आज मी त्या रस्त्यानं गेले. सूर्याच्या ओळखीचा गणू अजून तिथंच बसतो. त्यानं एक मणी तोडून पुढे केला, "घ्या काकू, चाखून बघा. साखर आहे, साखर." हातात घेतला, उजेडाला धरून बघितला, परत त्याच्या पाटीत ठेवला.

"का हो, डाग आहे का?"

"नाही रे, छान आहे. ऑगस्टपर्यंत थांबायचंय."

"ऑगस्टात? काकू, ऑगस्टात नाशकात नुसती पानं असतात वेलीवर!"

"म्हणूनच," म्हटलं. त्यानं शेजारच्या पाटीवाल्याकडे बघून डोळे फिरवले. फिरवू दे. मी तिथं चांगली अर्धा तास उभी राहिले, भाव विचारत, कुणाची कुठली बाग ते ऐकत. रस्ता बदलावासा वाटला नाही.

तर नियम असा. सोडायचं नाही, थांबायचं. त्या रविवारपर्यंत. आणि त्या रविवारी नाशकात द्राक्षं नसतात, तेव्हा मला दर वर्षी कुठंतरी यावं लागणार. मॉलमधली कुठली कुठली काचेआडची द्राक्षं मी धरत नाही. अनाहितला कळव. व्हिसा तू काढशीलच. व्हिनेगर आता चालेल, त्याबद्दल चौकशी नको.

तुझी आत्या

*

जबल अली
२३ फेब्रुवारी २०२६

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

अनाहितबाईंना कळवलं. अंगठा आला. या वेळी मला झोप लागली.

तू लाल रेघ मारलेले 'ते' दोन शब्द या पत्रात एकदाही नाहीत, तपासून बघ.

आज एक गंमत झाली. सकाळी कंटेनर उघडला तर आत द्राक्षं. पेटीवर नाशिक लिहिलेलं होतं आणि आतही नाशिकच होतं. वजन, तारीख, सगळं जुळलं. तपासणीसाठी फोडलेली पेटी माझ्याच टेबलावर होती. हिरवी, गार, टपोरी. रमजान सुरू आहे, फहदचा रोजा. तो दुरूनच म्हणाला, "यल्ला, ईशानी, तू तो खा! तेरे घर का है. तुझे किसने रोका?"

मी म्हटलं, "मैं भी रुकी हूँ."

त्यानं घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कब तक?"

"अगस्त तक."

तो उठला. पेटीचं झाकण लावलं, आणि ती उचलून खिडकीजवळच्या सावलीत नेऊन ठेवली, दोघांनाही दिसणार नाही अशी.

"मेरा तो मगरिब को, सूरज डूबते ही, खुल जाता है," तो म्हणाला. "तेरा बहुत लंबा है, बहन."

मी म्हटलं, "लंबा है. लेकिन खुलता है."

तुझी
ईशानी